आधी पोट, मग पाय, खेळ शेवटी: मुलांना घेऊन गाडीने कोकणात जाताना

मे महिन्याची सुट्टी लागली किंवा गणपती जवळ आले की गावी जाणाऱ्या घरांत एक तयारी हमखास होते, ती म्हणजे टॅबमध्ये कार्टून भरून घेणं. एवढं करून गाडी वडखळच्या पुढे जाते न जाते तोच मागच्या सीटवर रडारड सुरू होते. मग टॅब पुढे केला जातो, चॉकलेट दिलं जातं, आवाज चढतात आणि कोलाडपर्यंत सगळ्यांचीच डोकी फिरलेली असतात.

मूल कंटाळलंय असं आपण धरून चालतो, पण बहुतेक वेळा त्याची तक्रार शरीराची असते. त्याला मळमळत असतं, उन्हाची तिरीप नेमकी डोळ्यांवर येत असते, शू लागलेली असते, पट्टा मानेला काचत असतो किंवा दोन तास लोंबकळून पायांना मुंग्या आलेल्या असतात. चार वर्षांच्या मुलाला हे नीट सांगता येत नाही, म्हणून ते किरकिरतं. करमणुकीच्या आधी पोट, ऊन आणि पाय यांचा बंदोबस्त केला तर निम्मी लढाई निघण्यापूर्वीच जिंकलेली असते. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः मुंबई किंवा पुण्याहून कोकणात जाणाऱ्यांसाठी आणि साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नागपूरला किंवा सोलापूरला जात असाल तर घाटाचा भाग सोडा, बाकीचं तसंच लागू पडतं.

निघण्याची वेळ आणि घाटाची निवड

मोबाइलवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात तो तुमच्या मुलांना धरत नाही. त्यावर सरळ एक तृतीयांश वेळ चढवा. नऊ तास दाखवत असेल तर बारा तास. हे आकडे घरातल्या मोठ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे 'दुपारच्या जेवणाला पोचतोय ना?' असे गावाहून येणारे फोन गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर बसत नाहीत.

रात्री बारा-एकला निघायचं, मुलं झोपेत पोचतात, हा हिशेब बऱ्याच घरांत ठरलेला असतो. मला तो पटत नाही. पहाटे दोन ते पाच ही वेळ माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त झोप आणणारी असते, आणि मागची मंडळी गाढ झोपली की पुढच्यालाही डुलकी लागते. त्यापेक्षा चालवणाऱ्याने रात्री नऊला झोपावं आणि साडेचार-पाचला निघावं. मुलांना रात्रीच प्रवासाचे सुती कपडे घालून झोपवायचं, पहाटे शू करवून आणून सीटवर बसवायचं. ती पुन्हा झोपतात आणि पहिले दोन तास आपसूक निघून जातात.

आता घाट. मुंबईहून जाणाऱ्यांसाठी कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा पट्टा फार सुसह्य झालाय, जुन्या घाटातली वळणं टळतात. पुण्याहून मात्र सह्याद्री कुठून ना कुठून उतरावाच लागतो: माणगावकडे ताम्हिणी, चिपळूणकडे कराड-पाटणवरून कुंभार्ली, रत्नागिरीकडे कोल्हापूरवरून आंबा, कणकवलीकडे गगनबावड्यावरून करूळ, सावंतवाडीकडे आंबोली. सर्वांत जवळचा रस्ता कोणता, हा प्रश्न मुलं बरोबर असताना दुसऱ्या क्रमांकाचा. घाट किती वाजता आणि पोटात काय असताना लागेल, हा पहिला. कोल्हापूरपर्यंत सरळ महामार्ग, तिथे नाश्ता, तास-दीड तास जिरू देऊन मग घाट, हे गणित अंतर थोडं वाढलं तरी मुलांना मानवतं. वरंधसारखे घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवले जातात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी. वाटेतून मागे फिरणं मोठ्यांनाही सोसत नाही.

कोणी कुठे बसायचं

पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ, हे दृश्य आपल्याकडे अजून सर्रास दिसतं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने धडक बसली तर दहा किलोचं बाळ हातांत धरून ठेवणं कोणाच्याही ताकदीबाहेरचं आहे, आणि समोरची एअरबॅग फुटली तर तिचा दणका थेट बाळालाच बसतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४-ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा मुलांची सीट न लावता नेलं तर त्यात एक हजार रुपये दंड आहे. दंड राहू द्या बाजूला, मुलांची सीट ही सुखाची पण गोष्ट आहे: मूल उंच बसतं, त्याला बाहेरचं दिसतं, डोकं लुढकत नाही, झोप नीट लागते.

अगदी लहान बाळाची सीट मागे तोंड करून, मागच्या बाकावर. निदान दोन वर्षांपर्यंत तशीच ठेवावी, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्याहून पुढेही. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीही लावायची नाही. त्यानंतर पुढे तोंड करून पाचपदरी पट्ट्याची (दोन्ही खांदे, कंबरेच्या दोन्ही बाजू आणि पायांमधून येणारा) सीट आणि मग बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा नीट बसवणारी बैठक. गाडीचा नेहमीचा पट्टा साधारण १४५ सेंटीमीटर उंचीच्या आसपास मुलाला नीट बसायला लागतो. तो बसतो का हे बघायची सोपी खूण अशी: पाठ पूर्ण टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेवर वाकले पाहिजेत, वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध हवा, मानेवर नको, आणि खालचा मांड्यांच्या वरच्या हाडावर हवा, पोटावर नको. पाचपदरी पट्टा किती आवळायचा? खांद्यापाशी तो चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर सैल आहे.

सीट नवी घेतली असेल तर प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. आधी पंधरा दिवस बाजारात, आजीकडे, शाळेत त्याच सीटवरून न्या. रुळलेलं मूल घाटात पट्ट्यावरून भांडत नाही. शिवाय ती हलते का, आयसोफिक्सच्या (सीट गाडीच्या बाकाला पक्की अडकवणाऱ्या) कड्या बसल्यात का, हे निवांत बघून होतं.

जागा ठरवताना आणखी दोन गोष्टी. मोठ्या गाडीची तिसरी रांग मागच्या चाकांवर असते, तिथे हिसके जास्त बसतात आणि समोरचा रस्ता दिसत नाही. ज्याला गाडी लागते त्याला तिथे बसवणं म्हणजे उलटीला आमंत्रणच. दुसरी गोष्ट उन्हाची. मुंबई-पुण्याहून दक्षिणेकडे जाताना सकाळचं ऊन डाव्या बाजूने येतं, दुपारनंतर उजवीकडून, आणि परतताना बरोबर उलट. धाकट्याला त्याप्रमाणे सावलीच्या बाजूला बसवा, किंवा काचेला जाळीची सावली लावा. दोन्ही मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावा, चालकाकडचं काचांचं बटण बंद ठेवा. आणि सनरूफमधून मुलांना उभं करायचा मोह होईल, आजूबाजूच्या गाड्यांतली मुलं डोकावतही असतील. नाही म्हणजे नाही.

गाडी लागणारं मूल

हा सगळ्यात मोठा विषय, म्हणून जरा सविस्तर.

कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, 'आपण हलतोय, वळतोय.' डोळे मात्र पुस्तकावर किंवा पडद्यावर असले तर ते सांगतात, 'सगळं स्थिर आहे.' या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही. त्यानंतर बारा वर्षांपर्यंतचा काळ सर्वांत त्रासाचा, पुढे बहुतेकांचा त्रास कमी होत जातो. म्हणजे तुमचं मूल नाटकं करत नाहीये आणि 'मनावर घेऊ नकोस' म्हणून त्याचं काही होणार नाही.

उलटी अचानक होत नाही, ती आधी सांगून येते, आपलं लक्ष नसतं एवढंच. बडबड करणारं मूल एकदम गप्प होतं. मग जांभया, एकामागून एक. ओठांच्या भोवती रंग उतरतो, कपाळाला थंड घाम येतो. ते सारखी लाळ गिळायला लागतं. इथून पुढे तुमच्या हातात थोडीच मिनिटं असतात. म्हणून घाट लागायच्या आधी मागे एक मोठं माणूस मुलाकडे बघत बसलेलं हवं, मोबाइलकडे नव्हे. जांभया दिसल्या की हे करा: पडदा आणि पुस्तक बंद. काच दोन बोटं खाली. मान सीटला टेकवून समोर लांब, डोंगराच्या कडेकडे बघायला सांगा. चालवणाऱ्याला आवाज द्या. पुढे सुरक्षित, रुंद जागा दिसली की थांबून पाच-दहा मिनिटं पायी फिरवा. गाणी-बडबड बंद करायची गरज नाही, उलट मुलाचं लक्ष पोटावरून उडालेलं बरं. 'तुला मळमळतंय का?' असं दर दोन मिनिटांनी विचारू मात्र नका, त्याने नसलेली मळमळही सुरू होते.

चालवणाऱ्याचाही वाटा मोठा आहे. घाटात वेगापेक्षा हिसके वाईट. वळणाच्या आधी वेग कमी करून वळणात एकसारखा ठेवायचा, वळणातच ब्रेक आणि बाहेर पडताना पुन्हा जोर, असं करायचं नाही. पुढच्या एसटीला ओव्हरटेक करायची घाई मुलाच्या पोटातून वसूल होते.

वास हा दुसरा शत्रू. आरशाला लटकवलेलं अत्तर आदल्या दिवशीच काढा. गणपतीला जाताना गजरे, उदबत्त्यांचे पुडे, नवा कापूर असं सामान डिकीत, घट्ट पिशवीत. पेट्रोल भरायचं ते घाटाच्या बरंच आधी, आणि भरताना काचा बंद. एसीची हवा सतत आतल्या आत फिरत ठेवली तर गाडी कोंदटते आणि सगळे पेंगुळतात, म्हणून अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यायचं बटण दाबा. तापमान २४-२५ पुरे. हवेचा झोत थेट बाळाच्या तोंडावर नको.

औषधाबद्दल: गाडी लागू नये म्हणून मिळणारी गोळी मुलाला द्यायची की नाही, किती द्यायची, हे बालरोगतज्ज्ञांना निघण्यापूर्वी विचारा. आपल्या घरोघरी ठाऊक असलेल्या ॲव्होमिनमध्ये प्रोमेथाझिन असतं आणि ते दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. मोठ्यांची गोळी अर्धी तोडून द्यायचा शहाणपणा करू नका. गोळी घाटाच्या पायथ्याशी देऊनही उपयोग नाही, ती प्रवासाआधी पोटात जावी लागते. या गोळ्यांनी बहुतेक मुलं पेंगतात, काही मात्र उलट बिथरतात. म्हणून डॉक्टर हो म्हणाले तर घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी देऊन बघायची का, हेही त्यांनाच विचारून घ्या. आणि मूल झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजणं, हा प्रकार कितीही ओळखीच्या माणसाने सुचवला तरी करायचा नाही. मोठ्या मुलांना आलेपाकाचा तुकडा किंवा नुसतं लिंबू हुंगायला देणं बरं वाटतं. त्याने सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण नुकसानही नाही.

आता उलटीचा सरंजाम. नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्या बऱ्याचदा कुठेतरी फुटक्या निघतात आणि तोंडाशी धरेपर्यंत चिकटून बसतात. त्याऐवजी झाकणाचा रुंद तोंडाचा डबा घ्या, एक-दीड लिटरचा. आईस्क्रीमचा रिकामा डबा उत्तम. आत पिशवी उलगडून कडांवरून बाहेर दुमडा, तळाशी वर्तमानपत्राचे दोन कागद चुरगळून टाका. झालं की पिशवीची गाठ मारायची, झाकण लावायचं, पुढच्या पिशवीने डबा पुन्हा तयार. हा डबा डिकीत नाही, मुलाच्या पायाशी. त्याच्याबरोबर एक कापडी पिशवी: ओला करून घट्ट पिळलेला पंचा, कोरडा पंचा, कपड्यांचा एक जोड, खायचा सोडा. सीटवर सांडलंच तर आधी पुसून वर सोडा भुरभुरवा, तो वास बराच शोषून घेतो. मुलाच्या सीटखाली जुना टॉवेल आधीच अंथरलेला असला तर अर्धी धुलाई वाचते, फक्त तो पट्ट्यांच्या आणि मुलाच्या मध्ये येता कामा नये.

उलटी झाल्यावर लगेच घटाघटा पाणी देऊ नका. चूळ भरू द्या, दहा मिनिटं जाऊ द्या, मग चमचा-दोन चमचे करत पाणी किंवा ओआरएस. पुन्हापुन्हा होत असेल, मूल मलूल पडत असेल, लघवी होत नसेल, तर तो गाडी लागण्याचा विषय राहत नाही, दवाखाना गाठायचा.

खाणं

निघताना पेलाभर दूध पाजायची आजीची इच्छा असते. ती या एका दिवसापुरती नम्रपणे मोडावी. घाटात दूध वर येतं. पोट रिकामंही नको. दशमी, मेथीचा ठेपला, तिखट-मिठाची पुरी, केळं, मुरमुऱ्यांचा कमी तेलाचा चिवडा, राजगिऱ्याची वडी, खाकरा, हे थोडंथोडं, दर तासा-दीड तासाने. घाटाआधीच्या तासाभरात वडा, मिसळ, समोसा, थंड पेय टाळा. घाट उतरल्यावर कोकणात पोचलोच आहोत, तेव्हा काय हवं ते खा.

दशम्यांचा एक फायदा असा की त्यांचा चुरा कमी होतो आणि हात माखत नाहीत. प्रत्येक मुलाचा वेगळा छोटा डबा करा, त्यावर त्याचं नाव घाला. एकच मोठा डबा मधे ठेवला की 'त्याने जास्त घेतले' ची फेरी सुरू होते. चार वर्षांखालच्यांना चालत्या गाडीत शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, लाह्या, कडक गोळ्या देऊ नका. हिसक्याने घास नेमका चुकीच्या नळीत जातो आणि मागे वळून बघेपर्यंत वेळ गेलेली असते. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून, थांब्यावर.

अंगावर पिणाऱ्या बाळाला चालत्या गाडीत सीटमधून काढून पाजायचं नाही, हे अवघड वाटतं, पण इथे सूट नाही. थांबा, पाजा, ढेकर काढा, पुन्हा बसवा.

थांबे

दीड ते दोन तासांनी एक थांबा, मुलं रडोत वा न रडोत. रडल्यावर थांबलं की मुलं काय शिकतात ते सांगायला नको. तान्ह्या बाळाला तर सलग दोन तासांपेक्षा जास्त सीटमध्ये ठेवूच नये. झोपलेल्या मोठ्या मुलाला मात्र थांब्यासाठी उठवू नका, तेवढा पुढचा पल्ला मारून घ्या.

थांबा म्हणजे हॉटेल, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं आहे. प्रसिद्ध हॉटेलात सुट्टीच्या दिवशी टेबल मिळायला अर्धा तास, पदार्थ यायला अर्धा तास, आणि हा पूर्ण तास मूल पुन्हा खुर्चीवर बसलेलं. गाडीत बसलं होतं, इथेही बसलं. पोट भरतं पण पाय तसेच राहतात. त्यापेक्षा डबा खाऊन झाला की वीस मिनिटं पळायला जागा शोधा. मुंबईकडून जाताना महाडच्या अलीकडे महामार्गालगतच गांधारपाल्याची लेणी आहेत, पायऱ्या चढण्यातच मोठ्या मुलांची रग जिरते. चिपळूणच्या वर परशुरामाचं देऊळ आहे. संगमेश्वरजवळ कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ महामार्गापासून थोडंसंच आत आहे, दगडी कोरीवकाम बघण्यासारखं आणि सहसा शांत. कुंभार्लीने उतरणाऱ्यांना कोयनानगर सोयीचं. गावागावातली देवळांची आवारंही चालतात, चपला काढून पाच मिनिटं सावलीत धावू द्या. आंबोलीला धबधब्यापाशी पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी थांबणं हे मुलांसाठी सुखाचं नाही: गर्दी, निसरडा दगड, हातातला खाऊ ओढणारी माकडं.

उतरताना मुलं नेहमी डाव्या, रस्त्याच्या कडेच्या दाराने. उजवं दार उघडायचंच नाही, हा घरचा कायदा करा. पाय जमिनीला लागला की एक हात गाडीला लावून उभं राहायचं, मोठ्यांचा हात मिळाल्याशिवाय हलायचं नाही. तीन-चार वर्षांची मुलं हा नियम खेळासारखा पाळतात.

शू-शीची सोय बहुतेक पेट्रोल पंपांवर होते. बरोबर पाण्याची बाटली, छोटा मग, साबणाचे कागद आणि मुलींसाठी वापरून फेकायची कमोडची सीटकव्हर ठेवा. डायपर दर मोठ्या थांब्याला बदला, भरलाय की नाही याची वाट न बघता.

आणि चहा घेईपर्यंत झोपलेलं मूल गाडीत ठेवायचं? उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकतं. इंजिन आणि एसी चालू ठेवून जाणं हाही उपाय नाही. एकाने चहा घ्यावा, दुसऱ्याने थांबावं, मग अदलाबदल.

'अजून किती राहिलं?'

आता कुठे करमणूक. या प्रश्नाला 'दोन तास' हे उत्तर पाच वर्षांच्या मुलासाठी काहीच सांगत नाही. कोकणच्या रस्त्याला मात्र एक सुंदर मोजपट्टी आयतीच मिळालेली आहे: नद्या. सह्याद्रीतून निघून समुद्राकडे धावणाऱ्या या नद्या महामार्ग एकामागून एक ओलांडतो. मुंबईकडून निघालात तर खारपाड्याला पाताळगंगा, नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, लांज्याच्या अलीकडे काजळी, राजापूरला अर्जुना, आणि अगदी खाली बांद्याला तेरेखोल.

आदल्या दिवशी पुठ्ठ्यावर ही नावं मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक लिहा. आपल्या गावाच्या जागी घराचं चित्र मुलालाच काढू द्या. पूल आला की त्याने खडूने नाव खोडायचं. मग 'किती राहिलं?' चं उत्तर तेच शोधतं: 'अजून तीन नद्या.' मे महिन्यात कुठली नदी आटलीय, गणपतीत कुठली तांबडी होऊन वाहतेय, यावर बोलणं आपोआप निघतं. आणि नदी बघायला मान वर करून बाहेर बघावं लागतं, जे पोटालाही चांगलं. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर नीरा, कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा असा क्रम लावता येतो.

वाचता येणाऱ्यांसाठी गाड्यांचे नंबर. एमएच ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, ५० कराड. आपण ज्या जिल्ह्यात आहोत तिथल्या गाडीला एक गुण, परजिल्ह्याच्या गाडीला दोन, परराज्याच्या गाडीला पाच. गुण कोणी लिहायचे, तर आजोबांनी, म्हणजे पंच निःपक्षपाती राहतो. (राहत नाही, धाकट्याला चोरून वाढवून दिले जातात, पण तेवढं चालायचं.) कंटाळा आला की मैलाच्या दगडांचे रंग: पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा.

भेंड्यांना पर्याय नाही. गाण्यांच्या संपल्या की गावांच्या, फळांच्या, नातेवाइकांच्या. कोकणात जाताना पाट्यांवरची गावं वापरायला परवानगी द्या, मुलं डोळे फाडून पाट्या वाचतात. गोष्टी ऐकायला ठेवायच्या असतील तर घरीच उतरवून घ्या, घाटात नेटवर्क जातं. पडदा मी पूर्ण बंद ठेवा म्हणत नाही. सरळ रस्त्यावर, पुढच्या सीटच्या मागे डोळ्यांच्या उंचीला अडकवून, अर्धा-पाऊण तास, तोही प्रवासाच्या उत्तरार्धात, सगळं करून झाल्यावर. सकाळी सहालाच तो हातात दिला तर दुपारी दोनला तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

भावंडांची भांडणं जागेवरून होतात, म्हणून खिडकीची अदलाबदल ठरावीक थांब्यांवरच, मधे नाही, आणि दोघांच्या मध्ये उशांची पिशवी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना नद्या मोजायला लावू नका. त्यांना नकाशा द्या, पुढचा थांबा निवडायचं काम द्या, आणि कानात वायर घालून बसले तर बसू द्या.

कोंडी

गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस मुंबई-गोवा रस्त्यावर जड वाहनांना दरवर्षी बंदी घालतात, तरी माणगाव-इंदापूरच्या आसपास गाड्या तुंबतातच. एक दिवस आधी किंवा सण झाल्यावर एक दिवस उशिरा निघता आलं तर त्याच्यासारखं सुख नाही. नाही जमलं तर कोंडीसाठी वेगळी पिशवी: दोन लिटर पाणी जास्तीचं, मीठ-साखरेचा खाऊ, मुलांच्या शूसाठी डायपर अंथरलेलं छोटं भांडं, हातपंखा, मोबाइलची पॉवर बँक, आणि आतापर्यंत लपवून ठेवलेली एक नवी वस्तू. रंगीत चिकटचित्रांची वही पंचवीस-तीस रुपयांत मिळते आणि तास काढते.

गाडी बंद पडली तर मुलांना घेऊन गाडीत बसून राहू नका, रस्त्याच्या कडेला, शक्यतो कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून लांब उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी कशासाठीही ११२. हे आकडे कागदावर लिहून समोरच्या कप्प्यात ठेवा, मोबाइल नेमका तेव्हाच संपलेला असतो.

परतीचा प्रवास

जाताना जितकी तयारी होते तितकीच परतताना हेळसांड होते. मुलं गावी उशिरापर्यंत जागलेली, आंबे-मोदक-खापरोळ्या खाऊन पोट बिघडलेलं, आणि निघायची वेळ मामा-काकूंच्या निरोपात दुपारी अकरावर गेलेली. निघायच्या आदल्या रात्री मुलांचं जेवण साधं, मऊ भात आणि मेतकूट पुरे. निरोप आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा.

आणि सामान. पिकलेला फणस, काजूची बोंडं आणि सुकी मासळी ही त्रयी बंद गाडीत घाट चढायला निघाली तर ज्याला कधीच गाडी लागत नाही त्यालाही लागते. सुकट-बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्याला चिकटपट्टी, वर दोन पिशव्या. फणस घरीच फोडून गरे डब्यात भरा, किंवा कच्चाच न्या. यातलं काहीही मुलांच्या पायाशी नाही. वर कॅरिअर असेल तर ताडपत्रीखाली, नसेल तर डिकीत अगदी मागे, आणि काकूने 'एवढं बसेल की पुढे' म्हणून शेवटच्या क्षणी खिडकीतून दिलेली पिशवी आधी उघडून बघा.